वाचक विचारतात : डोळ्यांचं शिबिर की गावाजवळचं नेत्रकेंद्र?

खानापूर, निपाणी, अथणी, चिकोडी आणि येळ्ळूर भागातून डोळ्यांच्या उपचारांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

आमचं युवक मंडळ आणि गावची पतसंस्था मिळून दरवर्षी मोफत नेत्रशिबिर घेतात. यंदा एखाद्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाला जोडून कायमचं केंद्र काढावं असं ठरतंय. जागा, माणसं, यंत्रं, खर्च यांचा अंदाज द्याल का?
— एक कार्यकर्ते, नंदगड परिसर, ता. खानापूर

जरूर काढा. शिबिराच्या दिवशी जी आजी लेकीकडे गेलेली असते, तिचं सगळं वर्ष वाया जातं. शिवाय शिबिरात सगळ्यांचं लक्ष मोतीबिंदूवर असतं. काचबिंदू, मधुमेहानं खराब होणारा पडदा आणि शाळकरी मुलांचा नंबर गर्दीत सुटून जातात.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं (स्थापना १९८७) यासाठी एक उतरंड घालून दिली आहे. ५० हजार लोकांमागे तपासणी आणि चष्म्याचं एक केंद्र, ५ लाखांमागे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणारं एक रुग्णालय, आणि ५० लाखांमागे बुबुळ, पडदा, लहान मुलांचे डोळे हे सगळं पाहणारं एक मोठं रुग्णालय. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७.८ लाख होती. म्हणजे ही पूर्ण उतरंड एकट्या आपल्या जिल्ह्याला लागते : सुमारे ९५ केंद्रं, नऊ-दहा रुग्णालयं आणि एक मोठं. तुम्ही त्यातलं एक केंद्र उभं करणार आहात, हे ध्यानात ठेवून जागा निवडा. गावच्या देवळाशेजारी फुकट मिळणाऱ्या खोलीपेक्षा बसस्टँड किंवा आठवडी बाजाराजवळची भाड्याची खोली बरी. चार गावांचे लोक तिथं आपोआप येतात.

दृष्टीच्या तक्त्यासाठी ६ मीटर अंतर हवं. खोली आखूड असेल तर ३ मीटरवर आरसा लावून भागतं. स्लिट लॅम्पसाठी (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र) काळोख करता येईल असा एक कोपरा ठेवा. बाकी सामान म्हणजे रेटिनोस्कोप (चष्म्याचा नंबर काढायचं साधन), ट्रायल लेन्सची पेटी व फ्रेम, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र, रक्तदाब आणि साखर मोजायची साधनं, आणि जमलं तर पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून लागेल. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलण्याच्या भरवशावर सगळं ठेवू नका. फोटो आणि नोंदी साठवून नेटवर्क आलं की पाठवता येतील, अशी सोय आधीच करून घ्या.

माणसं दोन पुरतात. एक प्रशिक्षित नेत्रतंत्रज्ञ, दुसरी व्यक्ती नोंदणी, चष्मे आणि गावभेटींसाठी. तंत्रज्ञ शक्यतो त्याच भागातली, बारावी झालेली मुलगी घ्या. एल. व्ही. प्रसादकडचं प्रशिक्षण एक वर्षाचं असतं, मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाकडचं दोन वर्षांचं. तो काळ ती घरापासून लांब राहणार, म्हणून निवडीआधी तिच्या आईवडिलांशी बोलणं ही मंडळाची जबाबदारी. मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी हवी. जवळचं वाचायचा तक्ता दोन्ही लिप्यांत ठेवा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी ई अक्षराचा. नाहीतर अक्षर न ओळखणाऱ्या माणसाची ‘नजर कमी’ अशी नोंद होते आणि त्याला चुकीचा नंबर लागतो.

खर्चाचा हिशेब असा मांडून पाहा. समजा दिवसाला २० जण आले, त्यातल्या पाच जणांनी चष्मा घेतला आणि एका चष्म्यामागे १५० रुपये सुटले, तर २५ दिवसांत १८,७५० रुपये होतात. तपासणीची नाममात्र फी वेगळी. एवढ्यात भाडं आणि पगाराचा मोठा भाग निघतो. पहिलं वर्षभर मात्र पतसंस्थेला हात द्यावा लागेल. यंत्रांचा एकरकमी खर्च देणगीतून करा, पण पगार देणगीवर ठेवू नका. देणगी आटली की तंत्रज्ञ सोडून जाते आणि खोलीला कुलूप लागतं.

अशी केंद्रं बिघडतात ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे चष्मा. आज नंबर काढला आणि चष्मा तीन आठवड्यांनी आला तर माणूस परत येत नाही. साधे नंबर तयार ठेवा आणि बाकीच्यांचे चष्मे आठवड्यात मिळतील अशी बोली मोठ्या रुग्णालयाशी करून घ्या. दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे : पुढे पाठवलेला पेशंट पोचतच नाही. ज्याला ज्याला पाठवलं त्याचं नाव, फोन, कशासाठी पाठवलं आणि ‘पोचला का’ अशा रकान्यांची वही ठेवा. सातव्या दिवशी फोन करा. पोचला नसेल तर कारण लिहा : सोबतीला माणूस नाही, सुगी चालू आहे, भीती वाटते, पैसे नाहीत. मंडळाच्या बैठकीत हीच वही उघडा. तपासलेल्यांचा आकडा वाढवणं सोपं असतं. केंद्राची खरी किंमत या शेवटच्या रकान्यात कळते.

अथणीहून बेळगाव लांब, मिरज जवळ. आमचं रेशन कार्ड कर्नाटकचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठं करावं?
— अथणी

जवळ करावं. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन-तीन वेळा जावं लागतं आणि लांबच्या दवाखान्यात नेमक्या त्याच फेऱ्या टाळल्या जातात. अथणी-कागवाडकडून मिरज आणि निपाणीकडून कोल्हापूर जवळ पडतं, हे नकाशावरच्या रेषेनं बदलत नाही.

पैशाची बाजू मात्र आधी तपासा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. निघण्याआधी रुग्णालयाला फोन करून विचारा : आमचं कर्नाटकचं कार्ड तुमच्याकडं या शस्त्रक्रियेला चालतं का? सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते का? भिंग आणि औषधं त्यात धरली आहेत का? कार्ड चालत नसेल तरी हिरमुसू नका. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना मोफत शस्त्रक्रियांसाठी अनुदान मिळतं. शिवाय पैसे भरणाऱ्या पेशंटच्या उत्पन्नातून गरिबांचा खर्च भागवणं ही या रुग्णालयांची जुनी रीत आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केलं ते याच पद्धतीनं. त्यांच्याशी जोडलेल्या ऑरोलॅबनं १९९२ पासून देशातच भिंगं बनवली आणि परदेशी भिंगाची किंमत परवडत नाही ही मोठी अडचण सुटली. म्हणून ‘धर्मादाय म्हणजे दुय्यम भिंग’ असा समज धरू नका.

आणखी एक सोय. कर्नाटकच्या हद्दीत साध्या सरकारी बसमध्ये बायकांना शक्ती योजनेत तिकीट नाही. आजीसोबत सून किंवा लेक गेली तर जिल्ह्यातल्या फेऱ्यांचा बसखर्च वाचतो. ओळखपत्र विसरू नका.

ऊस तोडताना माझ्या मालकांच्या डोळ्याला पात लागली. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं, आता बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आणि पाणी थांबत नाही.
— चिकोडी तालुका

हे वाचाल त्या दिवशीच नेत्ररुग्णालयात जा, उद्यावर टाकू नका. आणलेली बाटली सोबत न्या.

पातीच्या कडेनं बुबुळाला ओरखडा उठतो आणि पातीवरची बुरशी त्यात शिरते. बुरशी सावकाश वाढते, म्हणून पहिले दोन दिवस फसवे असतात. दुकानात लाल डोळ्यासाठी हमखास मिळणाऱ्या थेंबांपैकी बऱ्याच बाटल्यांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली आणि ठणका उतरतो, पण डोळ्याची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ‘बरं वाटलं, मग बिघडलं’ हा तुम्ही लिहिलेला क्रम तसाच आहे. रुग्णालयात ठिपका खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. बुरशी निघाली तर बहुतेक वेळा ५ टक्के नॅटामायसिनचे थेंब देतात, सुरुवातीला जागेपणी तासातासाला, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. हे औषध बाटलीत तळाशी बसतं. दर वेळी हलवल्याशिवाय घातलं तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. ठणका गेला म्हणून मनानं बंद केलं तर जखम पुन्हा उलटते आणि कायमचं फूल पडतं.

इतर वाचकांसाठी : पात लागली की स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, चोळू नका, रुतलेलं काही काढायला जाऊ नका. दूध, मध, एरंडेल, पाल्याचा रस यातलं काहीही घालू नका. त्याच दिवशी केंद्रावर जा. तंत्रज्ञ पिवळ्या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहते, ओरखडा असेल तर तो हिरवा चमकतो. नुसता ओरखडा असताना वेळेत प्रतिजैविक मलम मिळालं तर पुढचं दुखणं टळतं. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं आणि बुबुळाच्या जखमा चिघळण्यापासून वाचवल्या. कारखाने सुरू होण्याआधी तोडणीच्या टोळ्यांना हे सांगण्याचं काम साखर कारखान्यांनी अंगावर घ्यावं, असं आमचं आग्रहाचं मत आहे. बाजूला हवेची भोकं असलेला साधा प्लास्टिकचा गॉगलही द्यावा. भोकं नसतील तर घामानं धुकं धरतं आणि माणूस तो काढून टाकतो.

आजीचं शिबिरातून ऑपरेशन झालं, पण म्हणावं तसं दिसत नाही. भिंग खराब बसवलं का?
— येळ्ळूर

भिंग खराब असण्याची शक्यता सगळ्यात कमी. आधी डिस्चार्ज कार्ड पाहा. त्यावर भिंगाचं स्टिकर आणि पॉवर असते. शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून ती पॉवर काढतात. मोजमापात चूक झाली तर नंबर राहतो, तो चष्म्यानं भरून निघतो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नंबर काढायचा असतो आणि पुष्कळ आजी त्या तपासणीला जातच नाहीत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असू शकते. ती याग लेसरनं काही मिनिटांत, न कापता मोकळी होते. या दोन्हींनी फरक पडला नाही तर पडदा आणि काचबिंदू तपासून घ्या. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत ठणका, लाली आणि नजर एकदम कमी होणं असं काही झालं तर मात्र रात्र असली तरी थांबू नका. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा प्रश्न असतो.

टाक्याची, बिनटाक्याची, मशीनची यावरून वाद घालू नका. फेकोला, म्हणजे मशीनच्या पद्धतीला, साधारण अडीच-तीन मिलिमीटरची चीर लागते, हातानं करायच्या लहान चिरेच्या पद्धतीला सहा-सात. पिकलेल्या कडक मोतीबिंदूला दुसरी पद्धत चांगली जमते. शिबिर घेणाऱ्या मंडळांनी रुग्णालयाला वेगळं विचारावं : सहा आठवड्यांनी किती जण परत आले आणि त्यातल्या किती जणांना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानं हातातल्या चष्म्यासह किमान ८० टक्क्यांना तसं दिसायला हवं आणि ६/६० हूनही कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत हवेत. हा आकडा जे रुग्णालय विनासायास सांगतं, त्याच्याकडे पेशंट पाठवा. आणि थंडीतच ऑपरेशन करावं, मोतीबिंदू पिकू द्यावा, हे दोन्ही समज सोडा. कामात अडचण येऊ लागली की वेळ झाली.

बिड्या वळणाऱ्या बायकांना चाळिशीनंतर पानावरची शीर दिसत नाही. प्रत्येकीला डॉक्टरकडं न्यावं लागेल का?
— निपाणी

दोन्ही डोळ्यांनी लांबचं सारखंच स्वच्छ दिसत असेल तर तयार चष्मा चालतो. चाळिशीला अधिक १, पन्नाशीला अधिक २ आणि साठीला अधिक ३ च्या आसपास. पण वयावरून देऊ नका. बाईला सूप मांडीवर घेऊन, ती नेहमी बसते तशी बसवून, हातात पान देऊन पाहा. तिचं कामाचं अंतर पुस्तकाच्या अंतराहून वेगळं असू शकतं आणि नंबर एक पायरी कमी लागू शकतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना असे चष्मे दिले तेव्हा चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं पानं खुडण्याचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगायला नको. एका डोळ्यानं कमी दिसतं, दिव्याभोवती कडी दिसतात, किंवा मधुमेह आहे अशा बायकांना मात्र चष्मा देऊन सोडू नका, त्यांना केंद्रावर पाठवा आणि त्यांची नावं वहीत लिहा.