लडाखच्या थंडीत मातीचं घर खरंच उबदार राहतं का?

हो, राहतं; पण ऊब माती देत नाही, ऊन देतं. माती ती फक्त रात्रीपर्यंत धरून ठेवते. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, हिवाळ्यात पारा उणे २० च्या आसपास उतरतो, तरी ऊन मात्र भरपूर. म्हणून दक्षिणेला मोठ्या काचा, उत्तरेला जाड भिंत. लेहजवळच्या फे गावातल्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारती अशाच उन्हावर तापतात. छताला पॉपलरचे वासे, वर विलोच्या काटक्या, त्यावर गवत-माती; सगळं तिथलंच. एकच गोष्ट सांभाळा, पाणी. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमधली कितीतरी मातीची घरं गेली. तेव्हा दगडी जोतं उंच घ्या, पन्हाळी भिंतीपासून लांब काढा आणि नाल्याच्या वाटेत तर बांधूच नका.