भीतीमधलं 'शासन' कुठलं?

कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न: शेजारच्या ख्रिस्ती घरी प्रार्थनेला बसलो होतो. तिथं बायबलमधून वाचलं, 'भीतीमध्ये शासन असते'. आमच्या डोक्यात शासन म्हणजे मंत्रालय. इथं अर्थ काय घ्यायचा? आणि बायबलच्याच नीतिसूत्रांत 'परमेश्वराचे भय' चांगलं म्हटलंय, ते कसं?

शंका रास्त आहे. सातबाऱ्यापासून एसटी स्टँडवरच्या फलकापर्यंत 'महाराष्ट्र शासन' इतकं डोळ्यांखालून जातं, की शब्दाचे बाकीचे अर्थ झाकून गेलेत. मूळ धातू शास्. शिकवणं, हुकूम चालवणं आणि दंड करणं, हे तिन्ही त्यात येतं. पहिल्यातून शास्त्र आणि शिष्य निघाले. दुसऱ्यातून सरकार, शिलाहारांच्या काळी राजानं दिलेल्या दानपत्रालाही शासनच म्हणत. तिसऱ्यातून आली शास्ती. घरफाळा थकला की बाकीवर महिन्याला चढते, तीच. बायबलमधलं शासन या तिसऱ्या घरचं.

वचन बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं, ४:१८ (अध्याय ४, वचन १८): 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते, भीतीमध्ये शासन असते, आणि भीती बाळगणारा प्रीतीमध्ये पूर्ण झालेला नाही.' मूळ ग्रीक शब्द कोलासिस. नव्या करारात हे नाम दोनदाच येतं, इथं आणि मत्तय २५:४६ मध्ये. त्याच्या मुळाशी झाडाची छाटणी आहे, आणि ॲरिस्टॉटलनं सुधारण्यासाठीची शिक्षा ती कोलासिस, सूड तो वेगळा, असा भेदही केला होता. पण योहानापर्यंत तो पुसट झाला होता, तेव्हा इथं छाटणी शोधत बसू नये. आधीच्याच वचनात न्यायाच्या दिवसाची गोष्ट आहे. म्हणजे अर्थ असा, की भीतीच्या पोटातच शिक्षा असते. निकाल लागायच्या आधीच माणूस ती भोगायला बसतो.

मला यात सगळ्यात आवडतं ते 'बाळगणारा'. ग्रीकात नुसतं 'भिणारा' आहे. मराठी भाषांतरकारानं बाळगणं आणलं आणि अर्थ उजळला. भीती वाटणं आपल्या हातात नसतं. बाळगतो ती वस्तू मात्र आपण जवळ ठेवलेली असते: राग, हत्यार, अढी. बायबलमधल्या स्तोत्र ५६ चा भक्तही सुरुवात 'मी भिणार नाही' अशी करत नाही. आधी भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन, असं म्हणतो, 'भिणार नाही' हे त्यानंतर येतं.

याच पत्रात ३:२० ला मन 'दोषी ठरवते' असं येतं. आपण म्हणतो ना, मन खातं, तेच. इथं मराठीत एक गंमत हरवलीय. 'दोषी ठरवणे' याच्या ग्रीक क्रियापदात 'जाणणे' दडलेलं आहे, जणू 'विरुद्ध जाणणे'. आणि वाक्य संपतं ते देव सगळं जाणतो यावर. मनाला आपल्याविरुद्धचं तेवढं ठाऊक, देवाला सगळंच ठाऊक. सगळं कळतं म्हटल्यावर कुणाला घाम फुटेल, पण आधीचं वचन देवासमोर मनाला खात्री देण्याचं आहे, म्हणजे रोख दिलाशाचा. रोमकरांस पत्रातली 'दंडाज्ञा' (८:१) अर्थानं याच्या जवळची, ग्रीक शब्द मात्र वेगळा, न्याय करण्यावरून आलेला. तिथं ख्रिस्तामध्ये असलेल्यांना ती नाहीच, असं पौल म्हणतो.

आता 'परमेश्वराचे भय'. हे भय म्हणजे धाक. कोल्हापूरकरांना समजावायला कुस्तीची तालीम पुरे. खासबाग मैदानात पोरगं चितपट होतं आणि तोंड कसं दाखवू म्हणून चार दिवस तालमीकडं फिरकत नाही. घरी दूध पीत नाही, जोर मारत नाही, आरशातही बघत नाही. वस्तादांनी अजून एक शब्द बोललेला नसतो. शिक्षा त्याची त्यानंच चालू केलेली असते. ही योहानाची भीती, शासनासकट. पाचव्या दिवशी पहाटे ते मान खाली घालून दारात उभं राहतं. तेव्हाही वस्तादांचा धाक असतोच, पण आता तो त्याला आत खेचतो. वस्ताद मातीत तेल-ताक कालवत असतात. वर न बघताच म्हणतात, 'लांग चढव. उतर हौद्यात.'