लग्न ठरलं, अध्यादेश नव्हे

प्रश्न : ‘प्रॉमलगेट’ म्हणजे जाहीर करणे, असं शब्दकोशात आहे. मग बहिणीचं लग्न ठरल्याची बातमी इंग्रजीत कळवताना मी हे क्रियापद वापरलं, तर मैत्रीण का हसली?

उत्तर : हसणारच! तिथे साधं ‘अनाउन्स’ पुरे. ‘प्रॉमलगेट’च्या मागे अधिकार लागतो, कायदा किंवा नियम रीतसर प्रसिद्ध करून अमलात आणणं, हा त्याचा मुख्य अर्थ. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ नुसार राष्ट्रपती अध्यादेश काढतात, तिथे इंग्रजीत हेच क्रियापद आहे. मराठीत त्याला ‘प्रख्यापित करणे’ म्हणतात (हेही बोलताना जीभ अडखळतेच). एखादं मत, सिद्धान्त लोकांत पसरवणं हा दुसरा अर्थ, पण तो लेखी इंग्रजीतच शोभतो. निकाल मात्र ‘डिक्लेअर’ करतात. आणि हो, उच्चारात जोर ‘प्रॉ’वर द्या.