आधी केबल बदला, मग बघू बोर्डाचं

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही सोलापूरचे, घरचे चार माग आहेत. लेक आठवीत आहे, सुट्टीत तिला आर्डुइनोचं (कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) स्टार्टर किट घेऊन दिलं. बोर्डावरचा लाइट लागतो पण कॉम्प्युटरमध्ये पोर्टच दिसत नाही, दोन दिवस झाले ती रडकुंडीला आलीय आणि आमचे हे म्हणतात पैसे पाण्यात गेले. बोर्ड खराब निघाला का? आणि डब्यात एवढ्या वस्तू आहेत, सुरुवात कुठून करायची?

उत्तर : ताई, बोर्ड बहुतेक ठणठणीत असणार. एक सांगा, केबल किटमधलीच लावलीय ना? की बोर्डाला टाइप सी आहे म्हणून मोबाइलच्या चार्जरची लावली? कारण काही केबलमध्ये नुसत्या चार्जिंगच्या वायरी असतात, डेटाच्या नसतातच, मग लाइट लागतो आणि पोर्ट काही येत नाही. मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय, वर दुकानदाराशी भांडून आलो ते वेगळंच. केबल बदलूनही नाही दिसलं तर यूएसबीच्या तोंडाजवळची छोटी चिप बघा, स्वस्तातल्या बोर्डांवर बऱ्याचदा सीएच३४० असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ती चिप ओळखू येण्यासाठीचं सॉफ्टवेअर, टाकावा लागतो. पोर्ट दिसायला लागलं की आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेनूमधून तेच निवडायचं आणि बोर्ड म्हणून ऊनो (बोर्डाच्या मॉडेलचं नाव), हे राहिलं तरी प्रोग्राम बोर्डात अपलोड होत नाही. आणि ० नि १ नंबरच्या पिनांना (बोर्डाच्या कडेची वायर खोचायची भोकं) काही जोडलं असेल तर अपलोड करताना काढून ठेवा, कॉम्प्युटरशी बोलणं त्याच पिनांवरून चालतं.

पहिल्या दिवशी बाकी काहीच जोडू नका. बोर्डावर १३ नंबरच्या पिनला एक एलईडी आधीच बसवलेला असतो, तयार उदाहरणांत ब्लिंक नावाचा प्रोग्राम आहे, तो टाका, आणि डिलेमधले १००० म्हणजे एक सेकंद, ते लेकीला २०० करून बघू दे. आपण आकडा बदलला आणि लाइट पळायला लागला, हे एकदा बघितलं की पोरं किट सोडत नाहीत.

मग ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी. मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात, एलईडीचे दोन्ही पाय त्याच पाचात खोचले तर तो लागणारच नाही (सगळेच करतात हे). लांब पाय प्लसकडे, आणि सोबत करंट आवरणारा २२० ओहमचा रेझिस्टर, लाल लाल तपकिरी पट्ट्यांचा. तो का, तर पिन देते ५ व्होल्ट, लाल एलईडी खातो साधारण २, उरलेल्या ३ ला २२० ने भागलं की १३-१४ मिलीअँपिअर येतात. एका पिनवर २० पर्यंत ठीक, ४० ही अगदी शेवटची हद्द. आठवीचं गणित आहे, तिलाच करू द्या.

आता तुमच्या ह्यांच्यासाठी. किटमध्ये निळा जाळीदार डीएचटी११ सेन्सर असेल तर तो मागाच्या शेडमध्ये लावा, तापमान आणि हवेतला दमटपणा दोन्ही सांगतो. हवा कोरडी पडली की सूत तुटतं हे त्यांना मी काय सांगणार! फक्त तो दोन अंश इकडेतिकडे दाखवतो आणि दमटपणा २० टक्क्यांखाली गेला की त्याचा भरवसा नाही, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी हे ध्यानात ठेवा. खरी मजा मात्र चुंबक जवळ आलं की ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची, नसेल तर सुटा स्वस्तात मिळतो. मागाच्या क्रँक शाफ्टच्या (फिरणारा मुख्य दांडा) चाकाला छोटं चुंबक, समोर सेन्सर, त्याची वायर २ नंबरच्या पिनला, आणि प्रत्येक फेऱ्याला मोजणी एकने वाढवायची. साध्या मागावर एक फेरा म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेक), म्हणजे दिवसभराचे पिक लेकीच्या लॅपटॉपवर. चुंबक मात्र माग बंद करून जॉबरनेच (माग दुरुस्त करणारा कारागीर) चिकटवायचं, पोरीचा हात तिकडे नको.

प्रश्न : सोल्डरिंग (डाख देऊन वायरी जोडणं) शिकावं लागेल का? आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावून घरचा कूलर चालू-बंद करता येईल का?

उत्तर : सोल्डरिंग आत्ता नको, ब्रेडबोर्डवर सहा महिने आरामात निघतात. रिलेने कूलर होतो, पण तिथे २३० व्होल्ट आणि कूलरमध्ये पाणी, त्यामुळे सध्या रिले नुसता टकटक वाजवून बघा, मेनची वायर वायरमन शेजारी उभा असल्याशिवाय सोलायची नाही.