सावकाराचे व्याज आधी, गाई नंतर

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंबड तालुक्यात आमची चार एकर शेती असून कापूस आणि सोयाबीन ही पिके आहेत. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असते. बँकेचे पीक कर्ज 1 लाख 40 हजार आणि सावकाराचे 60 हजार शेकडा तीन रुपयांनी घेतलेले आहे. शिक्षण सोडून, कर्ज काढून पाच गाई घ्याव्यात का?

उत्तर : गाई तूर्त नकोत, कारण ज्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीत आटते तिच्या भरवशावर उन्हाळ्यात पाच जनावरांचा हिरवा चारा निघणार नाही आणि विकतचा चारा दुधाचे पैसे खाऊन टाकेल. त्याआधी तुमच्या दोन कर्जांकडे वेगवेगळे पाहायला हवे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास राज्याच्या व्याज सवलत योजनेमुळे ते जवळजवळ बिनव्याजी पडते. म्हणून ते थकू न देता दरवर्षी वेळेवर नवे-जुने करावे, म्हणजे जुने फेडून नवे घ्यावे. सावकाराचे शेकडा तीन म्हणजे महिना 1,800 आणि वर्षाला 21,600 रुपये! मुद्दल मात्र जागच्या जागी. परवानाधारक सावकारालाही विनातारण शेतीकर्जावर वर्षाला 12 टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. आईचे दागिने बँकेत तारण ठेवून हे 60 हजार फेडले, तर व्याज निम्म्याहूनही कमी होईल. ही गोष्ट आईशी बाबांनी बोलावी, तू नव्हे. सावकाराने तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर विलंब न करता जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करावी.

जोडधंदा म्हणून मी रेशीम सुचवीन, कारण रेशीम अळ्यांच्या कोषांची बाजारपेठ तुमच्या जालन्यातच आहे. या अळ्या तुतीचा पाला खातात, म्हणून पावसाळ्यात अर्धा एकर तुती लावावी आणि ती वाढेपर्यंत जवळच्या एखाद्या रेशीम शेतकऱ्याकडे सुट्टीत अळ्यांच्या दोन बॅचेस होईपर्यंत काम करावे. पाला कापणे, दिवसातून दोन-तीनदा तो अळ्यांना टाकणे, शेडमधील ओलावा सांभाळणे हे तिथे हाताला कळेल. बांधापलीकडच्या कापसावर फवारणी झाली आणि वाऱ्याने औषध तुतीवर आले, तर तो पाला खाऊन अळ्यांची अख्खी बॅच एका दिवसात मरू शकते. म्हणून तुतीची जागा ठरवण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. शेडचे अनुदान कसे आणि कधी मिळते, याची चौकशी जिल्हा रेशीम कार्यालयात करावी, मात्र त्याच्या आशेवर उसनवारी करू नये. पदवीची दीड वर्षे उरली आहेत आणि तुती लावून, काम शिकून शेड उभी राहीपर्यंत बराच काळ जाणारच आहे, तेव्हा कॉलेज सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

बँकेत जाताना बाबांसोबत सातबारा आणि कर्जखात्याचा उतारा न्यावा, आणि पीक कर्ज फेडण्याची नेमकी शेवटची तारीख विचारून वहीत लिहून ठेवावी.