गोव्यातल्या माणसाला पामीरच्या उंचीवर मार्को पोलो मेंढ्याच्या शिकारसफरीत सोबत जाणं झेपेल का?

तुम्ही विचारलंय : म्हापशाला राहता, वय ४४, दुबईतले साहेब नोव्हेंबरात ताजिकिस्तानात मार्को पोलो मेंढ्याच्या (पामीरच्या पठारावरच्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या) शिकारीला निघालेत आणि मदतीला तुम्हाला नेणार आहेत. उंची झेपेल का, आणि शिंगं घरी आणता येतील का?

झेपेल. पण आधी साहेबांकडून सफरीचा कार्यक्रम मागून घ्या आणि कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं ते ओळीने लिहून काढा. बूट, जाकीट सगळं त्यानंतर. मी हे विचारलं नव्हतं.

मी वाळपईचा. आखातात एका कुटुंबाकडे बरीच वर्षं स्वयंपाकी होतो. घरमालकांना शिकारीचा नाद, त्यामुळे एका नोव्हेंबरात मलाही कॅम्पवर नेलं. सफर आखणाऱ्यांनी आम्हाला किर्गिझस्तानातल्या ओशहून, म्हणजे जेमतेम हजार मीटरवरून, एका दिवसात ताजिकिस्तानातल्या मुर्गाबला नेलं. मुर्गाब ३,६०० मीटरवर आहे. वाटेतली अक-बैतल खिंड तर ४,६५५ मीटर. दुसऱ्या दिवशी दुपारी ४,२०० मीटरवरच्या कॅम्पात. संध्याकाळपर्यंत मी ठीक होतो, सगळ्यांना जेवण वाढलं. रात्री डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. मी कुणाला उठवलं नाही. आपल्यापायी साहेबांची शिकार कशाला बिघडवायची, असं वाटलं. सकाळी किर्गिझ वाटाड्याने माझं तोंड बघितलं, बाहेर बोलावलं आणि टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. सहाव्या पावलाला मी बाजूला कललो. त्याने कुणालाही न विचारता जीप सुरू केली. मुर्गाबला उतरल्यावर त्याच संध्याकाळी मी पेज पीत बसलो होतो. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आपण समुद्रकाठची माणसं. चोर्ला घाट चढलो तरी आठशे मीटरच्या आसपास. ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात येतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात. तुम्ही रोज मिरामारला धावत असलात तरी त्या दिवसांतून सुटका नाही. डॉक्टरांचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. ओशकडून जात असाल तर सारी-ताशला (३,१७० मीटर) दोन रात्री आणि मुर्गाबला दोन रात्री मागा. दुशान्बेकडून गेलात तर खोरोग २,१०० मीटरच्या आसपास आहे, तो रस्ता शरीराला जास्त मानवतो. लाखो रुपये मोजणाऱ्या माणसाला चार रात्री जड नाहीत. तुम्हाला मागायला संकोच वाटेल, तरी मागाच.

निघण्यापूर्वी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या डॉक्टरांकडे रक्तदाब, हिमोग्लोबिन बघून घ्या आणि डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगा. पहिल्या रात्री फेणी नको, झोपेची गोळी तर मुळीच नको.

शिकारीचं म्हणाल तर मी बंदूक धरली नाही. आमच्या सत्तरीत जुनी माणसं पारधीच्या गोष्टी सांगत, हाकारे, कुत्रे, आरडाओरड. तिथे सगळं गप्प. दोन तास बर्फात पालथं पडून दुर्बिणीतून बघायचं. वाटाड्याने मला एकदा बघू दिलं. नराला ते कुलजा म्हणतात. शंभर किलोंच्या वरचं धूड आणि त्यावर बाहेर वळत गेलेली शिंगं, चांगल्या नराची दीड मीटरच्या आसपास भरतात. शिंगावर दरवर्षी एक वळं उमटतं. तो ओठ हलवत वळी मोजत होता. सात म्हणाला आणि साहेबांना मानेनेच नको म्हटलं. म्हाताराच नर मारायचा. साहेब चिडले, पण ऐकलं. मला तो कळप चालत गेलेला अजून दिसतो. तुम्ही तिथे असाल तेव्हा दुर्बीण एकदा तरी मागून घ्या.

शिंगं दाबोळी विमानतळावर उतरवायचा विचार मात्र सोडून द्या. हा मेंढा साइटिस कराराच्या, म्हणजे रानटी प्राण्यांच्या देशोदेशींच्या व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, निर्यात परवान्याशिवाय शिंग देशाबाहेर हलत नाही. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि लडाखमधला याचा भाऊबंद, न्यान, त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. साहेबांनी भेट म्हणून दिलं तरी घेऊ नका. लांडग्यांनी मारलेल्या मेंढ्यांची शिंगं पठारावर जागोजाग पडलेली दिसतील, तीही तिथेच राहू द्या. वाटाड्याला काही द्यायचं असेल तर पैसे त्याच्याच हातात द्या.

आणि कॅम्पात रांधायचं काम तुमच्याकडे आलं तर एक सांगतो. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. मी पहिल्या दिवशी उकड्या तांदळाचा टोप चढवला, दीड तासाने दाणा दाताखाली कचकन् वाजला. तेराव्या शतकात मार्को पोलो तिथून गेला, त्यानेही लिहून ठेवलंय की पामीरवर अन्न नीट शिजत नाही. त्याने दोष थंडीला दिला. कुकर न्या, तांदूळ रात्री भिजत घालून टोप झोपायच्या पिशवीशेजारी ठेवा, नाहीतर सकाळी बर्फाचा गोळा. आणि कुकरचं रबर जास्तीचं घ्या, मुर्गाबच्या बाजारात मला मिळालं नाही.