मिशिगनला नक्की जा गुरुजी, पण आधी सोसायटीतली ठेव सोडवा

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलंय. सरकारी मराठी शाळेत आयुष्य गेलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, वय ६२, काकूंचं ५८, घर स्वतःचं, कर्ज काही नाही. पेन्शन ३८ हजार, महिन्याचा खर्च ३० हजाराच्या आसपास. मुलगा डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत आहे. तो म्हणतोय येत्या जुलैत या, आरव्ही, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊ आणि लेक मिशिगनच्या काठी ट्रॅव्हर्स सिटीजवळ एका भारी रिसॉर्टमध्ये ती लावून सात रात्री राहू. व्हिसा झालाय. गुरुजींना मुलावर ओझं टाकायचं नाही म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा हिशोब साडेचार लाख काढलाय आणि प्रश्न एवढाच विचारलाय की बँकेतली ५ लाखांची एफडी मोडू की काकूंच्या सोन्यावर कर्ज काढू?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, हे चार ओळीत: "रिटायर होताना मिळालेले ३२ लाख व्यवस्थित लावलेत त्यामुळे पुढची काळजी नाही. १८ लाख इथल्या सौहार्द सोसायटीत साडेदहा टक्क्याने, चेअरमन ओळखीचे आहेत. ३ लाख घराच्या दुरुस्तीला गेले. ५ लाख बँकेत एफडी. आणि बँकेतल्याच साहेबांनी एफडीसारखीच एक दामदुप्पट स्कीम दिली, वर्षाला ३ लाख, दोन वर्षं भरलेत, तिसरा हप्ता ऑगस्टमध्ये."

गुरुजी, या चार ओळी वाचून मी सहलीचा कागद बाजूलाच ठेवला.

ती स्कीम एफडी नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे, तुम्ही सोबत जो तक्ता पाठवलाय त्यावर स्पष्ट लिहिलंय, दहा वर्षं हप्ता आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी ५१ लाख. म्हणजे ३० लाख भरायचे आणि ५१ मिळायचे, तेही तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे झाल्यावर. दामदुप्पट कुठे आहे यात? ढोबळ हिशोब केला तर वर्षाला पाच टक्के पडतात, त्याच बँकेच्या साध्या एफडीला याच्याहून जास्त मिळालं असतं आणि पैसे अडकले नसते.

पण व्याजदर ही या गोष्टीतली लहान चूक आहे. मोठी चूक अशी की अजून आठ हप्ते बाकी आहेत, म्हणजे २४ लाख, आणि तुमची शिल्लक महिन्याला ८ हजार, वर्षाला साधारण ९६ हजार. मग दरवर्षीचे ३ लाख कुठून येणार? यावर्षी एफडीतून भराल, पुढच्या वर्षी सोसायटीतून, आणि असं करत करत आयुष्यभराची पुंजी त्या एका कागदात जाईल. ज्या माणसाने तुमची पेन्शन स्लिप डोळ्यांसमोर ठेवून हा फॉर्म भरला त्याला हे गणित येत नव्हतं असं मी मानणार नाही. साठीच्या माणसाला, ज्याच्या मागे कुणी लहान मूल नाही, कर्ज नाही, ज्याच्यानंतर बायकोला फॅमिली पेन्शन आहे, त्याला दहा वर्षं हप्त्याची विमा पॉलिसी विकणं याला मी फसवणूकच म्हणतो. फॉर्म इंग्रजीत होता आणि तुम्हाला मराठीत सांगितलं गेलं ते फॉर्मवर नव्हतंच. तुम्ही भोळे नाही, तुम्ही बँकेच्या टेबलावर विश्वास ठेवलात, आणि तो विश्वासच विकला गेला.

आता करायचं काय. ऑगस्टचा हप्ता भरू नका. तो हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर आजच बँकेत जाऊन ते लेखी बंद करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. मग विमा कंपनीला पत्र लिहून दोन आकडे मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घेतले, तर किती आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पंधराव्या वर्षी किती. दोन हप्ते भरलेत म्हणजे पेड-अपचा रस्ता बहुतेक खुला असेल. ढोबळमानाने दहापैकी दोन हप्ते, म्हणजे ५१ लाखांचे दहा लाखांच्या आसपास, काही पॉलिसीत वरचे फायदे कापतात म्हणून थोडे कमीही असू शकतात. सरेंडरला समजा अडीच लाख दिले तर तेच अडीच लाख आठ टक्क्याने तेरा वर्षांत पावणेसात लाखांच्या आसपास जातात, म्हणजे पेड-अप बरी दिसते, पण खरे आकडे हातात आल्याशिवाय सही कशावरही करू नका.

त्याच्याही आधी तक्रार. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा की एफडी म्हणून सांगून पॉलिसी दिली, पेन्शनरला न परवडणारा हप्ता लावला, सगळे पैसे परत करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर बंगळूरच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, फक्त नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. पैसे मिळतीलच अशी हमी मी देत नाही कारण फॉर्मवर सही तुमची आहे, पण उत्पन्न ३८ हजार आणि हप्ता वर्षाला ३ लाख, हे कागदच तुमच्या बाजूने बोलतात. बँकेतल्या साहेबांचे मेसेज मोबाईलमध्ये असतील तर डिलीट करू नका.

आता सौहार्द. इथे मला जास्त भीती वाटते, आणि पत्रात तुम्ही याबद्दल सगळ्यात निश्चिंत आहात.

सौहार्द सोसायटी ही बँक नाही. १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे ती. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला एक रुपयाचाही नाही. सगळ्या सोसायट्या वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, आपल्या बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात कितीतरी जणांची दुकानं, ट्रॅक्टर, लेकींची लग्नं सोसायटीच्या जोरावर उभी राहिलीत हे मलाही माहीत आहे. पण ३२ पैकी १८ लाख एकाच सोसायटीत, आणि भरवसा कशाचा तर चेअरमन ओळखीचे. चेअरमन चांगले असतील हो, पण ज्याला कर्ज दिलंय तो फेडतोय की नाही हे तुम्हाला कुठे माहीत आहे?

माझ्या मामांचे सात लाख अशाच एका सोसायटीत होते. मुदत संपल्यावर पहिल्यांदा "पुढच्या आठवड्यात या" झालं, मग दर गुरुवारी टोकन. मी स्वतः त्यांना गाडीवर मागे बसवून घेऊन जायचो, ते साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवीच्या पावत्या चार घड्या करून ठेवायचे आणि काऊंटरवर एकेक उलगडून सपाट करायचे, जणू पावती नीट दिसली की पैसे मिळतील. कधी दोन हजार मिळायचे, कधी चहा. एका गुरुवारी शटरच खाली, वर कन्नडमध्ये टाईप केलेला कागद, मामांना कन्नड वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितलं. तिथले चेअरमनसुद्धा ओळखीचेच होते, आमच्या मावशीच्या लग्नात पंगतीला वाढायला होते.

आता गणित बघा. १८ लाखांवर साडेदहा टक्क्याने वर्षाला १ लाख ८९ हजार. पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्याने १ लाख ४७ हजार. फरक वर्षाला ४१-४२ हजार, महिन्याला साडेतीन हजार. एवढ्यासाठी १८ लाख उघड्यावर ठेवायचे का? आणि तुमची ठेव क्युम्युलेटिव्ह आहे, म्हणजे ते जास्तीचं व्याजही अजून तुमच्या हातात आलेलं नाही, पासबुकात लिहिलेलं आहे फक्त.

सोमवारी सोसायटीत जा आणि मुदतपूर्व मागा. व्याज थोडं कापतील, कापू देत. पैसे चेकने किंवा थेट बँक खात्यात घ्या, रोख नको, आणि "अर्ध्याची नवीन ठेव करा की गुरुजी" असं म्हणतील, त्याला नाही म्हणा. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं मला माहीत आहे, मुलाचं नाव सांगा, मुलाला तिकडे गरज आहे म्हणा. पंधरा दिवसात पूर्ण रक्कम आली तर उत्तमच. टाळाटाळ झाली तर लगेच मला कळवा आणि मागणी लेखी द्या, पोच घ्या.

आलेल्या १८ पैकी १५ लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, काकूंचं नाव जॉइंट म्हणून घालता येतं, त्यांचं वय ६० नसलं तरी चालतं. दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये खात्यात. पेन्शन आणि व्याज मिळूनही नव्या कररचनेत तुम्हाला कर लागत नाही, कर लागत नाही असं सांगणारा फॉर्म पोस्टात भरून द्या म्हणजे व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापणार नाहीत.

उरलेले ३ लाख सहलीला. होय, जा. एफडी मोडू नका, सोनं बँकेत नेऊ नका, ती एफडी सध्या तुमच्याकडचा एकमेव सुरक्षित पैसा आहे आणि तुम्ही नेमकी तीच मोडायला निघालात.

साडेचारचे तीन कसे होतात ते सांगतो. दोघांची तिकिटं अडीच लाख, विमा ५० हजार, आणि आरव्हीचा निम्मा वाटा दीड लाख असं तुम्ही धरलंय. आरव्ही भाडं दिवसाला २५० डॉलर, रिसॉर्टची जागा सीझनमध्ये रात्रीला १२० डॉलर, पेट्रोल वेगळं, सगळं मिळून ३,३०० डॉलरच्या आसपास, डॉलर ९० धरला तर ३ लाख. हे सगळे मुलाला देऊ द्या. तो डॉलरमध्ये कमावतो, तुम्ही रुपयात पेन्शन घेता. त्याला शिकवताना तुम्ही हिशोब अर्धा अर्धा केला होता का? तुम्ही तिकीट आणि विमा बघा, बस.

काहीजण म्हणतील भारी रिसॉर्ट कशाला, तिथल्या सरकारी पार्कात निम्म्याहून कमी पैशात जागा मिळते, तळं तेच. तुमच्या बाबतीत मला रिसॉर्टच पटतं. काकूंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय तुम्ही. अशा ठिकाणी गाडी लावायला सपाट काँक्रीटचा ओटा असतो, पाणी, वीज आणि सांडपाण्याची लाईन तिन्ही जागेवर जोडलेली असते, म्हणजे टाकी भरली की गाडी हलवून रिकामी करायला जायची भानगड नाही, आणि स्वच्छ बाथरूम चालत जाण्याच्या अंतरावर. वयस्कर माणसांना याचाच खरा उपयोग. मुलाला एवढं सांगा की गाडी बुक करताना तुमचा दोघांचा बेड खालचा पाहिजे, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा शिडीचा बेड नको. डेट्रॉइटहून ट्रॅव्हर्स सिटी ४०० किलोमीटर आहे, बेळगाव-पुण्यापेक्षा जास्त, मधे दोनदा थांबा.

सोसायटीच्या पैशाला उशीर झाला तर जुलैचा हट्ट धरू नका, सप्टेंबरअखेर जा. जुलै म्हणजे चेरीचा हंगाम, गर्दी आणि दर दोन्ही चढे. सप्टेंबरअखेर झाडं लाल-पिवळी व्हायला लागतात, दर उतरतात, आणि नातू अजून शाळेत जात नाही म्हणता.

विम्याचा फॉर्म भरताना साखर आणि बीपी लपवू नका. अमेरिकेत एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढली तरी बिल तुमच्या पूर्ण सहलीपेक्षा मोठं येऊ शकतं, आणि लपवलेला आजार निघाला की विमावाले हात वर करतात. आधीपासूनचा आजार अचानक बळावला तर किती खर्च देणार, हे एक वाक्य पॉलिसीत शोधा, मगच पैसे भरा.

आणि मुलगा म्हणतोय ना की पुढेमागे तिथे गाडी लावायची एक जागाच (लॉट) विकत घेऊ, बाबांनी २० लाख घालावेत, भाडं येत राहील. नको. अशा काही रिसॉर्टमध्ये लॉट विकत मिळतात हे खरं आहे, पण वर वार्षिक देखभालीची फी असते, काही ठिकाणी ठराविक महागड्या प्रकारचीच गाडी लावू देतात, आणि उत्तर मिशिगनमध्ये मे ते ऑक्टोबरचा हंगाम संपला की बर्फ, मग भाडेकरू कुठून आणायचा? त्याला घ्यायचा असेल तर त्याने त्याच्या पगारातून घ्यावा. तुमचे १५ लाख पोस्टातच राहू द्या.

पॉलिसीच्या पहिल्या चार पानांचे आणि सोसायटीच्या पावतीच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवा, मागे मुदतपूर्वची अट छापलेली असते. तक्रारीचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही करून देतो, तुम्ही फक्त तारखा तपासा आणि सही करा.